माफीचा बिल्ला

पाइपलाइनचा कॅम्प, अलास्का
२८ मार्च १९७६

ती. व्हर्ना आत्यास,
गोठलेल्या बोटांनी केलेला सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एकदा वाचलं तेव्हा वाटलं, आपल्यालाच नीट वाचता येत नाही, नववीत शाळा सोडली त्याचं फळ. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या सॅल इम्ब्रियानीला वाचायला दिलं. म्हातारा पाइप जोडणारा आहे, न्यूयॉर्ककडचा, चष्मा लावून सगळं वाचतो, साबणावरचा कागदसुद्धा. त्यानंही तेच वाचलं. म्हणजे खरं आहे. चौसष्टाव्या वर्षी माझ्या आत्यानं कॅटलॉगमधून मेटल डिटेक्टर मागवलाय.

लोकांच्या आत्या या वयात मोजे विणतात. (माझे फाटलेत, हे जाता जाता.) तू चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून सगळ्या पेनरॉकची बोलणी ऐकलीस. आता जमीन काय बोलते तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

कशासाठी, तेही समजलं. चार जुलैला देशाला दोनशे वर्षं होणार, म्हणून फायर स्टेशनसमोर दगड बसणार, त्यावर गावच्या पहिल्या बंबवाल्यांची नावं कोरणार, आणि स्टेशनच्या चीफ डेल्बर्ट स्ट्रूपच्या यादीत आजोबांचं नाव नाही. तू म्हणतेस, एकवीस साली हॉटेल जळालं तेव्हा कॉर्नेलियस ऑस्ट्रँडर सगळ्यांच्या पुढे होते आणि त्या धावपळीत त्यांचा बिल्ला पडला. डेल्बर्ट म्हणतो, त्याच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय, ऑस्ट्रँडर समोरच्या फुटपाथवर खिशात हात घालून उभा होता. आणि वर म्हणतो, बिल्ला आणून दाखव, लगेच नाव घालतो. म्हणून ही डिटेक्टरची काठी.

आत्या, रागावू नकोस, पण ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. दर वर्षी आजोबा एक मजला वर चढतात. हॉटेल दोन मजली होतं. शेवटचं ऐकलं तेव्हा ते चौथ्या मजल्यावरून उतरत होते, दोन्ही काखांत एकेक बाई. आणखी पाच वर्षं दिलीस तर हॉटेलच खांद्यावर घेऊन बाहेर येतील.

इकडे बरं आहे. खेकड्यांची बोट सोडली, लाकूडतोडीचा कॅम्प सोडला, आता वेल्डरच्या हाताखाली पाइप पुसतो. थंडी अशी की थुंकलं तर जमिनीवर टण्णकन आवाज येतो. जेवणाला रोज मांस देतात, कुणी तक्रार करू नये म्हणून. तरी करतात.

तुझ्या काठीला यश येवो. लोभ आहेच, पायांत ऊब असली तर आणखी वाढेल.

तुझा,
रॉइस


पेनरॉक, ओहायो
११ एप्रिल १९७६

चि. रॉइस यास अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा.

मोजे पाठवलेत, दोन जोड. करड्या लोकरीचे. या वयातल्या आत्या दोन्ही कामं करू शकतात.

हॉटेलच्या मोकळ्या जागेत तीन आठवडे फिरले. बाटल्यांची एक्केचाळीस झाकणं, एक चमचा, अर्धा नाल आणि तारेची एक कवळी मिळाली. कवळी मी चर्चमध्ये टेबलावर ठेवली, ज्याची असेल त्यानं न्यावी म्हणून. कुणी पुढे आलं नाही, पण दोघंजण त्या दिवसापासून तोंड मिटून बोलतात.

मंगळवारी नवी बॅटरी घातली आणि चालते का बघायला परसातच काठी फिरवली. रुबार्बच्या भाजीच्या वाफ्याच्या कडेला अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा उठून बसला. वीतभर खाली सापडला. रॉइस, खराखुरा बंबवाल्याचा बिल्ला. कळकून हिरवा झाला होता. व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन मी दोन तास घासला, तेव्हा शिडी आणि ओढायचा लोखंडी आकडा दिसला, मध्ये शिरस्त्राण, आणि नंबर एकतीस. वरच्या कमानीत एक शब्द होता, त्याकडे मी नीट बघितलंच नाही. मला एवढी घाई झाली होती.

शुक्रवारी दुपारी खाणावळीत डेल्बर्ट मासे खात होता, कमिटीचे तिघंही होते. मी बिल्ला त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं हात पुसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वरचा शब्द मोठ्यानं वाचला. ‘माफ’. मग परत एकदा वाचला, मागच्या टेबलांसाठी. म्हणाला, व्हर्ना, मी खिशात हात म्हणालो तर तुला राग आला, पण हे बघ, तुझ्या बापाच्या छातीवरच लिहिलंय. कुणी चुकून बादली हातात देऊ नये म्हणून आधीच माफी घेऊन ठेवली होती गृहस्थानं. मग विचारलं, सापडला कुठे. मी खोटं बोलायला हवं होतं. रुबार्बच्या वाफ्यात म्हटलं. तो म्हणाला, आगीपासून अर्धा मैल, योग्य अंतर.

वाढणारी पोरगीसुद्धा हसली, जिला मी शाळेच्या नाटकासाठी फ्रॉक शिवून दिला होता.

काल किराणा दुकानात मला माफबाई म्हणून हाक मारली. शब्दकोशात पाहिलं. सोडलेला, वगळलेला, मोकळा केलेला. एकापेक्षा एक वाईट. तुला दुसरा काही अर्थ ठाऊक आहे का? तुला विचारतेय यावरून माझी अवस्था ओळख.

लोभ ठेव, तो तरी कुणी माफ केलेला नाही.

आत्या


कॅम्प, अलास्का
२४ एप्रिल १९७६

ती. आत्यास,
नव्या मोज्यांतून सा. न. वि. वि.

मोजे उत्तम. सॅलनं एक जोड हातात घेऊन पाहिला आणि परत द्यायला विसरला.

शब्दाचा अर्थ मला विचारतेस? दुसरं काही नाही तरी या एका शब्दात मी पदवीधर आहे. सत्तर साली भरतीच्या डॉक्टरनं माझ्या डाव्या कानापाशी घड्याळ धरलं, मी म्हटलं काही ऐकू येत नाही, त्यानं कागदावर शिक्का मारला. माफ. वेन्डेल स्ट्रूप त्याच आठवड्यात व्हिएतनामला गेला. दोन वर्षांनी लंगडत परत आला, मला बिअर पाजली आणि एक शब्द बोलला नाही. बोलायचं काम त्याचा बाप करतो. न्हाव्याच्या दुकानात डेल्बर्ट म्हणाला होता, ऑस्ट्रँडरच्या पोराचा कान तसा बरा आहे, जेवायला हाक मारली की दोन्हीकडून ऐकू येतं. सगळे हसले. मी पण हसलो. अर्धे केस कापून झाले होते, तसाच उठून आलो. गाव सोडलं तेव्हा डोक्याची एक बाजू उन्हाळी होती आणि एक हिवाळी.

म्हणून तुझं पत्र वाचून आधी खूप हसलो. मला इतकी वर्षं वाटत होतं, घराण्यात मीच पहिला. हा तर वडिलोपार्जित धंदा निघाला. आता माझं ऐक, तो बिल्ला होता तिथं पुरून टाक, वर रुबार्ब लाव आणि काठी त्या कवळीवाल्याला वीक. दगड डेल्बर्टचा, यादी डेल्बर्टची, आजोबा त्याचे. आपण कशाला त्या लग्नात बिनबोलावता नाचायचं?

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो, पण सॅल मघापासून डोकं खातोय. मला हसताना बघून त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं, तर तो हसला नाही. बिल्ल्यावर नक्की काय काय आहे ते विचारत बसला. शिडी कोणत्या बाजूला, मागे काही लिहिलंय का. मला काय माहीत. तारेची घासणी म्हटल्यावर त्यानं छातीवर हात ठेवला, जणू त्यालाच घासलं. म्हणतो, तुझ्या आत्याला सांग, आता त्याला पाणीसुद्धा लावू नको. वर कागद ठेवून पेन्सिल घास, पुढून आणि मागून, आणि ठसे पाठव.

पाठव. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा.

लोभ होता तिथंच आहे, माझ्यासारखी त्याला गाव सोडायची सवय नाही.

तुझा,
रॉइस


पेनरॉक
६ मे १९७६

चि. रॉइस यास आशीर्वाद.

सोबत दोन ठसे आहेत. पुढच्या बाजूला खालच्या कमानीत अक्षरं होती असं वाटतं, ती माझ्या घासणीनं गेली. तिथं आता नुसतं गुळगुळीत आहे. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं पुसट ऐकू आलं तरी जोडून घेत होते, आणि बापाचं नाव गाव स्वतःच्या हातानं घासून टाकलं.

आज काही गमतीचं लिहिणार नाही. तू मजल्यांची थट्टा केलीस, ती बरोबर आहे. मजले मीच चढवले. तुझ्या वडिलांनासुद्धा मी कधी खरं सांगितलं नाही. तो तेव्हा तीन वर्षांचा होता. मी नऊ वर्षांची होते आणि मी तिथं होते.

दुपार होती. हॉटेलच्या छपरातून ज्वाळा बाहेर पडत होत्या. म्हातारा स्ट्रूप, म्हणजे डेल्बर्टचे आजोबा, आणि त्याची माणसं नळी धरून पुढच्या दारात पाणी मारत होती. बाबा समोरच्या फुटपाथवर उभे होते. हात खिशात. डेल्बर्टचे आजोबा खोटं बोलले नाहीत. मी बाबांचा कोट ओढत होते की तुम्ही पण जा ना. ते गेले नाहीत. ते नुसते ओरडत होते, हॉटेल सोडा, पाणी बाजूच्या छपरांवर मारा, बाजूच्या छपरांवर मारा. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी स्ट्रूप वळून म्हणाला, ऑस्ट्रँडर, तू यादीत नाहीस, गप्प बस. सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. मला एवढी लाज वाटली की मी कोट सोडून दिला आणि दुसऱ्या लोकांमध्ये जाऊन उभी राहिले.

मग वारा फिरला आणि हॉटेलच्या रांगेतली सात घरं गेली.

मला वाटलं होतं, बिल्ला सापडला तर मी पाहिलं ते खोटं ठरेल. बाबांचं नाव दगडावर आलं तर कोट सोडल्याचं मलासुद्धा विसरता येईल. एवढंच कारण होतं. आता तू म्हणतोस तसा पुरून टाकते.

आत्या


कॅम्प, अलास्का
२० मे १९७६

ती. आत्यास,
उभं राहून, टोपी काढून, सा. न. वि. वि.

पुरू नकोस. पुरला असशील तर ताबडतोब उकर आणि मग पुढचं वाच.

ठसे आले तेव्हा सॅल दाढी करत होता. एका गालाला फेस तसाच ठेवून त्यानं कागद दिव्याखाली धरला. मग, खोटं सांगत नाही, डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. मी म्हटलं, काका, काय झालं, कुणी मेलं का? तर माझ्यावरच ओरडला. म्हणाला, गाढवा, याला तुम्ही हसताय? आमच्याकडे हसला असतास तर गुत्त्यातून दारासकट बाहेर गेला असतास.

त्यांच्याकडची पद्धत अशी. पगार बिगार नाही, गावातलेच लोक बंबवाले. घंटा झाली की उठून पळायचं. जेवत असलास तरी, स्वतःच्या लग्नात असलास तरी. अशी पाच वर्षं पुरी केली, हजेरीच्या वहीत खाडे नसले, की सरकार कागद देतं. तो माणूस कोर्टात पंच म्हणून बसण्यातून माफ आणि मिलिशियाच्या, म्हणजे गावच्या राखीव फौजेच्या, कवायतीतून माफ. तुझी वेठ तू भरलीस, आता दुसरी मागणार नाही, असा अर्थ. आगीतून माफ नाही आत्या, आगीमुळे माफ. साधा बिल्ला कुणालाही मिळतो, पहिल्या दिवशी. हा मिळवावा लागतो. सॅलच्या सासऱ्याला कोटावर हाच लावून पुरलं. सासू म्हणाली होती, लग्नाची अंगठी काढून द्या, पण बिल्ल्याला हात लावू नका.

ओहायोत ही पद्धत नाही म्हणून तिथं कुणाला शब्द कळला नाही. डेल्बर्टनं सबंध खाणावळीला वाचून दाखवलं ते असं झालं, की एखाद्यानं कलेक्टरची पाटी वाचावी आणि म्हणावं, अरे, हा वर्गणी कलेक्ट करणारा दिसतो.

दुसरं. मागच्या ठशात कारागिराचा शिक्का उमटलाय, अगदी बारीक: ब्रॅडिश आणि पुत्र, ट्रॉय. ट्रॉय शहर न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला आहे. आजोबा ओहायोला येण्याआधी कुठे होते? त्या गावच्या फायर स्टेशनला पत्र घाल. नंबर एकतीस म्हण. सॅल म्हणतो, ते लोक बायकोचं नाव विसरतील पण हजेरीची वही टाकणार नाहीत.

तिसरं मला सांगवत नाही, पण सांगतो. मागची टाचणी तिच्या खाचेत बंद आहे, ठशात दिसते. पडलेल्या बिल्ल्याची टाचणी उघडी असते, नाहीतर पडेल कसा? हा पडला नाही. कुणीतरी काढला, टाचणी नीट लावली आणि वीतभर खड्डा खणून ठेवला.

तुझं छपरांचं मी सॅलला वाचून दाखवलं. माफ कर, तो उतारा खाजगी होता. त्यानं पत्राची घडी करून परत दिलं. मग म्हणाला, लाकडी इमारतीच्या छपरातून ज्वाळा निघाली की ती इमारत गेली, तिला रामराम करायचा आणि शेजार भिजवायचा. पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात हे. त्या रस्त्यावर काम येणारा एकच माणूस होता आणि त्याला गप्प बसवला. मी म्हटलं, पण हात खिशात का? सॅल म्हणाला, नळी हातात देत नाहीत म्हटल्यावर हात ठेवणार कुठे?

आत्या, तू नऊ वर्षांची होतीस. मी पंचवीसचा असून कालपर्यंत हसत होतो.

लोभ असा ठेव की तो मी कमावलाय असं वाटेल.

तुझा,
रॉइस

ता. क. सॅल विचारतो, अशा आत्याला मोज्यांचे आणखी जोड विणायला किती दिवस लागतात.


पेनरॉक
१३ जून १९७६

चि. रॉइस यास आणि सॅल इम्ब्रियानी यांना आशीर्वाद. (ते वयानं माझ्याएवढेच असतील, पण मोजे घेणाऱ्याला आशीर्वादच द्यावा लागतो. त्यांचे वेगळे पाठवलेत.)

बिल्ला पुरला नव्हता. खड्डा खणून झाला होता, मग त्यात मी टोमॅटोचं रोप लावलं.

बाबा कोव्हेनी नावाच्या गावचे. तिथल्या फायर स्टेशनला लिहिलं, नऊ दिवसांत उत्तर आलं. वहीची नक्कल आहे. नंबर ३१, कॉर्नेलियस ऑस्ट्रँडर, आकडा-शिडी कंपनी. १८९९ ते १९०४. खाडे शून्य. माफीचं प्रमाणपत्र दिलं. त्यानंतर ओहायोला जाईपर्यंत आणखी पाच वर्षं घंटेवर येत राहिले, येण्याची सक्ती नसताना. शेवटी शेऱ्याचा रकाना. तो मी वगळणार होते पण लिहिते. कंपनीच्या नायकाला आगीच्या जागी शिवीगाळ केल्याबद्दल दोनदा महिनाभर काढून टाकलं. तिसऱ्यांदा फक्त समज दिली, कारण, असं लिहिलंय, नायक चुकत होता.

माझे बाबा घरात कधी साधं मेल्या म्हणाले नव्हते.

नक्कल घेऊन मी फायर स्टेशनवर गेले. डेल्बर्टनं उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. खाणावळीत जेवढ्या मोठ्यानं वाचला होता तेवढ्या मोठ्यानं नाही. तीन दिवसांनी सबंध कमिटी दारात, हातात टोप्या. म्हणाले, गैरसमज झाला. म्हणाले, आसपासच्या चार जिल्ह्यांत कुठल्या गावाकडे असा माणूस नाही, त्यांचं नाव दगडावर हवंच. ते आपल्या यादीत नव्हते हे खरं, पण यादी काय, आपलीच आहे. थोरल्या स्ट्रूपच्या बरोबर खाली जागा आहे. आणि बिल्ला फायर स्टेशनच्या काचेच्या कपाटात राहील. वर्तमानपत्रवाला फोटो काढायला येणार आहे, तर मी निळा पोशाख घालावा.

मी विचार करते म्हटलं. ते चक्रावले. डेल्बर्ट म्हणाला, व्हर्ना, यात विचार कसला, तीन महिने तू हेच मागत होतीस.

किराणा दुकानात आता मला बाईसाहेब म्हणतात. तेच तोंड, तीच माणसं.

तुझं काय म्हणणं, लवकर कळव. दगडवाला पंचवीस तारखेला येणार आहे.

लोभ वाढावा, इथल्या लोकांचा एकाएकी वाढलाय तसा मात्र नको.

आत्या


कॅम्प, अलास्का
२० जून १९७६

ती. आत्यास, घाईत सा. न.

घे. डोळे मिटून घे. डेल्बर्टला ते नाव रोज कामावर येताना दिसू दे आणि पायरी चढताना वाकावं लागू दे. मोठ्या अक्षरात मागून घे. निळा पोशाख घाल, फोटोत दात दाखव. तुला हवं होतं ते मिळतंय, आता मानापमान काढत बसू नकोस, तो गुण माझ्याकडे आहे आणि त्यानं मी कुठवर आलो ते नकाशात बघ.

सॅलला विचारलं तर त्यानं खांदे उडवले. म्हणाला, ते म्हाताऱ्यालाच विचारायला हवं होतं.

तुझा,
रॉइस


पेनरॉक
६ जुलै १९७६

चि. रॉइस यास अनेक आशीर्वाद. तुझं ऐकलं नाही, म्हणून थोडे जास्त.

पंचवीसला मी कमिटीपुढे गेले, निळा पोशाख घालून. दगडवाल्यानं नावाची अक्षरं विचारली, मी सांगितली. मग म्हटलं, खाली एक ओळ हवी: पाणी बाजूच्या छपरांवर मारा.

दगडवाला बाहेरगावचा. तो बोटांवर अक्षरं मोजत म्हणाला, बसेल की. त्या खोलीतल्या पाचांपैकी तिघांच्या घरच्यांची घरं त्या रांगेत होती, रॉइस. त्यांना समजायला वेळ लागला नाही. एकानं डेल्बर्टकडे बघितलं, मग दुसऱ्यानं. डेल्बर्ट म्हणाला, दगड नावांसाठी आहे, सल्ल्यांसाठी नाही. त्याचा चेहरा बघून मला दया आली असं लिहिणार होते, पण आली नाही.

मी म्हटलं, नाव नुसतं कोरलंत तर ते डेल्बर्टच्या आजोबांच्या नावाखाली येणार. ज्यांनी माझ्या बापाला भर रस्त्यात गप्प बस म्हटलं, त्यांच्या खाली त्याला दगडात गप्प बसवायचं, तेही मी निळा पोशाख घालून? ओळ घाला, नाहीतर नाव माफ करा. डेल्बर्ट म्हणाला, ओळ येणार नाही. मी बिल्ला उचलला आणि घरी आले. वाटेत रडले, पण लोकांना वाटलं गवताच्या परागांनी डोळे वाहण्याचा त्रास आहे. जूनमध्ये निम्म्या गावाला असतो.

चार जुलैला दगडावरचं कापड काढलं. अकरा नावं. बाबांचं नाही. मी मागे उभी होते, बिल्ला कोटावर लावून. अनेकांनी बघितलं, विचारलं कुणी नाही. वेन्डेल तेवढा लंगडत आला आणि माझ्याजवळ उभा राहिला, भाषण संपेपर्यंत. तुझ्याबद्दल विचारलं, एवढंच.

काल संध्याकाळी दार वाजलं. आयडा ग्रब आली होती, काठी टेकत, नातीनं मोटारीतून सोडलं. एकोणऐंशी वर्षांची आहे. त्या सात घरांतलं तिसरं घर तिच्या आईबापांचं. आमचं कधी फारसं येणंजाणं नाही. खुर्चीत बसली, पाणी प्याली आणि बिल्ला मागितला. हातात घेऊन म्हणाली, कमिटीत तू काय म्हणालीस ते मला जावयानं सांगितलं. ती ओळ चुकीची आहे, व्हर्ना.

मला वाटलं, मीच पुन्हा रचलं की काय.

ती म्हणाली, मी माडीवरच्या खिडकीत होते. तुझा बाप आमच्या छपराकडे हात करून ओरडत होता. हात खिशात होते ते नंतर, आधी तो हात करून दाखवत होता. तू तेव्हा कुठे होतीस कोण जाणे. मला शब्दन् शब्द आठवतो, कारण आईनं येऊन खिडकी लावून घेतली. म्हणाली, आगीचं राहू दे, पण असलं बोलणं लग्नाच्या पोरीनं ऐकायचं नाही. सगळं ओळीत घातलंस, मधलं तेवढं गाळलंस.

मग आयडानं ते वाक्य बाबा म्हणाले तसं पूर्ण म्हणून दाखवलं. मधला तो शब्द थोरल्या स्ट्रूपसाठी होता. एवढ्या वर्षांनी, एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडून, चर्चची टोपी डोक्यावर असताना. मी नऊ वर्षांची असताना तो ऐकला असणारच, पण मला कळला नसावा. आम्ही दोघी एवढ्या हसलो की नात मोटारीतून उतरून बघायला आली.

वाक्य इथं लिहिता येत नाही. टपाल उघडलं गेलं तर दोन जिल्ह्यांत माझी अब्रू जाईल. ते तोंडीच सांगण्यासारखं आहे आणि आयडाच्या वयाचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा सप्टेंबरच्या आत ये.

आत्या